बकरीच्या गोष्टीला हुंका

आमच्या बाबांना गोष्ट सांगता येते हे मला कळलं तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी लहानपणी गोष्ट अशी कधी सांगितली नाही. गणितं घातली. एक पाण्याची टाकी, तिला दोन नळ, एक भरतो, एक रिकामी करतो; झोपायची वेळ झाली की आम्ही दोघी टाकी भरत बसायचो. मग माझी भाची चार वर्षांची असताना बाबांनी तिला एकदा जवळ बसवलं आणि झाशीजवळच्या समथर गावच्या बाजारातल्या एका हलवायाची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली, की मी कणकेने भरलेले हात तसेच घेऊन दारात उभी राहिले. आत जाऊन आईला विचारलं, "हे कुठून आलं?" आई म्हणाली, "बसमधून."

बस म्हणजे कारखान्याची बस. बाबा मूळचे अमरावतीचे. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून पंचविशीत झाशीला आले आणि इथेच राहिले. नगरा भागातल्या आमच्या घरापासून कारखान्यापर्यंत बसला चाळीस मिनिटं लागत, आणि त्या चाळीस मिनिटांत समथरचे एक फोरमन बुंदेलीत किस्सा सांगत. किश्शाला एकच नियम होता. फोरमनच्या शेजारच्या सीटवर जो बसेल त्याने हुंका द्यायचा. म्हणजे दर वाक्याला 'हं' म्हणायचं. हुंका थांबला की किस्सा थांबला. मग नायक विहिरीत दोराला लोंबकळत असला तरी बेहत्तर. फोरमन खिडकीबाहेर बघत गप्प बसत आणि मागून सगळी बस त्या शेजाऱ्यावर ओरडे, "अरे भैया, हुंका काए नईं दै रए?"

बाबांनी अकरा वर्षं त्या सीटवर बसून हुंका दिला. फोरमन निवृत्त झाल्यावर किस्सा सांगायची सीट बाबांकडे आली आणि ती त्यांनी स्वतः निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. एवढं सगळं आमच्या घरात कुणाला धड माहीत नव्हतं. घरी आल्यावर ते मूग गिळून बसायचे. मला वाटायचं माणूसच अबोल आहे. माणूस रोज ऐंशी मिनिटं बोलून दमलेला असायचा.

भाची आता आठ वर्षांची आहे. बहीण, मेहुणे आणि ती बंगळुरूला असतात. मेहुणे तमिळ, त्यामुळे घरात तिघांचं इंग्रजीत चालतं. भाचीला मराठी सगळं कळतं, टोमणेसुद्धा कळतात, पण उत्तर इंग्रजीत येतं. याचं बाबांना वाईट वाटत असणार. बोलून दाखवत नसत. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर झाशीला होती. दुपारी बाहेर लूच्या झळा, आत कूलर, आणि कूलरपुढे आजोबा-नात. बाबांनी तिला आधी हुंक्याचा नियम समजावून सांगितला आणि मग बकरीची गोष्ट लावली.

गोष्ट अशी. समथरच्या बाजारात एका हलवायाकडे एक बकरी असते. तिच्यासमोर कुणी खोटं बोललं की तिला शिंक येते. बस, एवढंच. पण त्यात बाबांनी काय काय घातलं! हलवाई शपथेवर सांगतो की पेढ्यात नुसतं दूध आहे, बकरी शिंकते. लग्नाची बोलणी चालू आहेत, मुलीकडचे म्हणतात पोर गाईसारखी गरीब आहे. बकरी तीनदा शिंकते. भाची पोट धरून हसायची, पण हसता हसताही हुंका चुकवायची नाही. वाक्य संपलं की 'हं'. कधी नाकातून, कधी तोंड पेढ्याने भरलेलं असताना. बाबांचा चेहरा मी त्या महिन्यात जितका बघितला तितका आधीच्या दहा वर्षांत बघितला नसेन. सुट्टी संपली तेव्हा बकरीची कीर्ती राजवाड्यापर्यंत पोचली होती आणि तिला बोलावणं आलं होतं. उरलेली गोष्ट दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉलवर सांगायची असं ठरलं.

पहिल्या रविवारी बाबा चार वाजल्यापासून आंघोळ करून, टॅब्लेट उशीला टेकवून तयार. भाचीचा कॅमेरा नेहमीप्रमाणे छताच्या पंख्यावर. बाबांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबले. वाट बघितली. मग म्हणाले, "ऐकून राहिलीस ना?" पंख्यातून आवाज आला, "यस आजोबा!" बाबांनी दुसरं वाक्य म्हटलं. पुन्हा थांबले. पुन्हा विचारलं. असं तासभर चाललं. दुसऱ्या रविवारी बाबांनी विचारणं कमी केलं आणि सांगणंही. तिसऱ्या रविवारी बकरी भर दरबारात उभी होती, राजा स्वतः सिंहासनावरून उठून बोलणार होता, आणि बाबा म्हणाले, "बरं, बाकी पुढे बघू."

ते 'पुढे' आलंच नाही. त्यानंतरच्या रविवारी नुसतं जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, आईला दे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिचं लक्ष नसते गं. एकदाही हुंका देत नाही. आता मोठी झाली, मैत्रिणी आहेत, खेळ आहेत. कायले बळजबरी करायची?" मग त्यांनी मला ट्रान्सफॉर्मर समजावून सांगितला, जो मला पाचवीपासून समजावून सांगताहेत. "हे बघ, दुसऱ्या बाजूला लोड लागला की पहिल्या बाजूला आपोआप कळतं. करंट वाढतो. आणि लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मर चालू असतो, पण नुसता गुणगुणत असतो. मी तीन रविवार नुसता गुणगुणलो." आणि उठून कूलरची जाळी काढायला गेले. मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. आणि मला वाईट वाटलं की राग येतो. तो सगळ्यांना माहीत आहे, आणि आईला तर माझ्या जन्मापासून माहीत आहे.

मी बहिणीला फोन लावला. म्हटलं, पोरीला एवढंही शिकवता येत नाही का, म्हातारा माणूस तासभर बोलतो, तिने एक 'हं' म्हणू नये? बहीण माझ्यावर दुप्पट उखडली. "ताई, ती सतत हं हं करत असते! घसा कोरडा पडेपर्यंत! मी समोर बसलेली असते!" मागून भाची रडवेल्या आवाजात इंग्रजी-मराठी मिसळून म्हणाली, मावशी, मी प्रत्येक वेळी दिला. आजोबांना माझा हुंका आता आवडत नाही.

इथे दुखावलेले आजोबा, तिथे दुखावलेली नात; दोघांचीही चूक नाही, आणि दोघांनाही वाटतंय की पलीकडचं माणूस आपल्याला कंटाळलं. ही गोष्ट अशीच सुटली असती तर दोघांनी ती आयुष्यभर तशीच धरून ठेवली असती. आमच्या घराण्यात एकदा मनात घेतलेलं सोडायची पद्धत नाही.

मग मी बहिणीला व्हिडिओ कॉल करायला लावला आणि म्हटलं, तू नुसतं हं म्हण. तिने म्हटलं. तिचे ओठ मिटलेले दिसले, मान हललेली दिसली, आवाज शून्य. "पुन्हा म्हण." शून्य. "काहीतरी लांब बोल." "ताई, तू फार हुकूम सोडतेस," हे मात्र स्वच्छ आलं. मी कपाळाला हात लावला. ही कॉलची अ‍ॅप्स आवाज गाळून पाठवतात. पंखा, मिक्सर, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं कचरा म्हणून काढून टाकतात आणि फक्त बोलणं पुढे सोडतात. आणि मिटल्या ओठांतून आलेला 'हं' त्यांच्या लेखी बोलणं नसतं. तो पंख्याच्या बरोबरीने कचऱ्यात जातो. तीन रविवार भाचीचा प्रत्येक हुंका बंगळुरूतच गाळला जात होता. मी बहिणीला तिच्याकडचं ते गाळणं बंद करायला लावून बघितलं. तर त्यांचा पंखा, खालच्या मजल्यावरचा कुत्रा आणि कुकरच्या शिट्ट्या असं सगळं बंगळुरू आमच्या बैठकीत आलं आणि 'हं' त्यात बुडून गेला.

बाबांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वायर एक आहे. तिचं 'यस आजोबा' येते आणि 'हं' येत नाही, असं कसं होईल? तू तिची बाजू नको घेऊ." मी चिडून म्हटलं, मी हेच काम करते, बाबा. त्यावर ते म्हणाले, "तू दुकानांचं काम करतेस."

हे खरं आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी वरच्या खोलीत बसून काम करते. दुकानांच्या वेबसाइटवर खालच्या कोपऱ्यात जो गोल असतो आणि 'मी आपली काय मदत करू?' असं नको तेव्हा विचारतो, त्या गोलाच्या मागचं बोलणं-ऐकणं मी बांधते. लोक त्याला शिव्या घालतात, मीही घालते. पण त्याच्या मागचं तंत्र सुंदर आहे, आणि ते बाबांना समजावून सांगायची संधी मला वीस वर्षांत पहिल्यांदा मिळाली होती.

ब्राउझर आणि सर्व्हर यांचं मूळचं नातं फार रुक्ष. ब्राउझरने विचारायचं, सर्व्हरने उत्तर द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. न विचारता सर्व्हर अक्षर बोलणार नाही, मग आत काहीही होवो. म्हणून पूर्वी लोक ब्राउझरला दर दोन सेकंदांनी विचारायला पाठवत: आलं का काही? आलं का काही? आई स्वयंपाकघरात असताना बाबा बाहेरून चहाबद्दल असंच विचारतात. मग वेबसॉकेट आलं. त्यातही सुरुवात साध्या विनंतीनेच होते, पण तिच्यातच ब्राउझर म्हणतो, आता दार लावू नका, उघडं राहू द्या. सर्व्हरने मान्य केलं की दोघांमध्ये एक वाट मोकळी राहते. ज्याला जेव्हा बोलायचं तेव्हा त्याने बोलावं, दुसऱ्याने विचारण्याची वाट बघू नये. दोघं एकाच वेळी बोलले तरी चालतं.

बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे हुंक्याला वेगळी वायर?" मी म्हटलं, तसंच समजा.

दोन दिवसांत मी एक पान तयार केलं. पानावर एकच मोठं बटण. भाचीने बंगळुरूत ते दाबलं की आमच्याकडचा पडदा क्षणभर पिवळाधमक उजळणार. बस. व्हिडिओ कॉल टॅब्लेटवर चालेल आणि हे पान शेजारी ठेवलेल्या जुन्या फोनवर. दोन्हीकडे दोन वेगवेगळी पानं करायचा मी कंटाळा केला. एकच पान दोघांनाही दिलं, त्यामुळे बटण बाबांच्याही बाजूला आलं. त्यांना सांगितलं, तुम्ही दाबायचं नाही, फक्त बघायचं. जुन्या फोनची बॅटरी फुगली होती ती बदलायला मी इलाइट चौराह्यावर गेले, तर दुकानदार फोन उलटसुलट करून म्हणाला, "दीदी, इसमें तो अब कुछ नहीं चलेगा." म्हटलं, भैया, इसमें सिर्फ 'हं' चलाना है. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नवी बॅटरी बसवून दिली.

पुढच्या रविवारी सगळं मांडून मी वर माझ्या कामाला गेले. वीस मिनिटांनी खाली डोकावले तर बाबा पूर्वीसारखे रंगात आले होते. हात हलताहेत, राजाचा आवाज काढताहेत, डोळे जुन्या फोनवर. भर दरबारात राजा उठतो आणि काय म्हणतो, तो सगळ्या गोष्टीचा कळस त्यांनी मन लावून सांगितला. मला इतका आनंद झाला की मी जिन्यातच बसून राहिले. आणि तेवढ्यात टॅब्लेटवर बहिणीचं तोंड आलं. "अरे, बाबा, तुम्ही अजून बोलताय? ती झोपलीये केव्हाची! सकाळी पोहायला गेली होती ना, सुरुवातीलाच सोफ्यावर कलंडली."

बाबा म्हणाले, "नाही. हुंका येऊन राहिला. हे बघ ना." आणि त्यांनी जुना फोन उचलून दाखवला. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका शांतपणे लुकलुकत होता.

तो ठिपका माझं पाप. उघडी ठेवलेली वाट खरंच उघडी आहे की मध्येच तुटली, हे कळावं म्हणून दोन्हीकडची यंत्रं थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना विचारत असतात: आहेस का? आहे. त्यात माणसाचा संबंध नसतो. आमच्या धंद्यात ते पडद्यावर ठिपक्याने दाखवायची सवय असते. मीही काही विचार न करता दाखवलं. जगात दुसऱ्या कुणी त्या ठिपक्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण बत्तीस वर्षं हुंक्यावर जगलेल्या माणसाला जे नियमाने येतं, मध्ये मध्ये येतं आणि चुकत नाही, तो हुंकाच वाटणार. पिवळा पडदा एकदाही उजळला नाही हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण त्यांना वाट बघावीच लागली नव्हती.

मी खाली आले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे मशीनच हं म्हणून राहिलं होतं?"

"हं नाही बाबा, ते नुसतं वाट चालू आहे एवढं सांगतं."

"आणि मी त्याला राजा सांगितला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते आणि मोकळे झालो असतो. त्यांनी फोन पालथा घातला. आईने मध्ये पडून म्हटलं, "अहो, पोर दमलेली होती, झोपली. तुम्हीही तर कीर्तनात झोपता." बाबा म्हणाले, "कीर्तनकाराला कुणी हिरवा दिवा दाखवत नाही." रात्रीच्या जेवणाला एवढंच म्हणाले, की गोष्ट संपली, आता तो विषय नको. आणि सांगून झालेला भाग आपण पुन्हा सांगत नसतो, हा फोरमनचाही नियम होता. तो नियम खरंच होता की त्याच संध्याकाळी निघाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी ठिपका काढून टाकला. वाट चालू आहे की बंद, ते आत यंत्रांनी आपापसात बघावं, माणसाला दाखवू नये. एक ओळ पुसायची होती. दर रविवारी मी जुना फोन ते पान उघडून टॅब्लेटशेजारी ठेवायची, पण बाबांनी पुढचे दोन रविवार त्याच्याकडे पाहिलंही नाही, तो पालथाच घातला. पाच वाजता कॉल लागायचा, जेवण, अभ्यास, आईला दे. भाचीला बहिणीने सगळं खरं सांगितलं होतं: तू झोपलीस, आजोबा ठिपक्याला गोष्ट सांगत बसले, आता ते रागावलेत. भाची त्यावर फारसं काही बोलली नाही, असं बहीण म्हणाली. मला वाटलं, संपलं. मुलं विसरतात.

तिसऱ्या रविवारी कॉल लागला आणि बाबांनी 'जेवलीस का' म्हणायला तोंड उघडलं, तर पंखा दिसेना. भाची दिसत होती. वेणी घातलेली, ताठ बसलेली, हातात दुसरा फोन. ती म्हणाली, "आजोबा, आज मी सांगणार." आणि घसा साफ करून, एकेक शब्द पायरी उतरल्यासारखा जपून ठेवत म्हणाली, "एक हलवाई होता."

आणि थांबली.

मी दारात होते, आई बाबांच्या मागे भाजी निवडत होती. आमच्यापैकी कुणी तिच्या तोंडून एवढं सलग मराठी कधी ऐकलं नव्हतं. बाबांच्या हाताची घडी तशीच होती. ती वाट बघत होती. नियम तिला पाठ होता. हुंका आल्याशिवाय दुसरं वाक्य नाही.

शेवटी बाबा हळूच म्हणाले, "हं."

भाची तशीच बसून. डोळे आमच्याकडे, म्हणजे पडद्याकडे.

"हं," बाबा जरा जोरात म्हणाले. ती हललीही नाही.

आई म्हणाली, "अहो, मोठ्यानं द्या की."

"हं!" बाबांनी असा काही हुंका दिला की आईच्या मांडीवरची परात वाजली. तिकडे भाचीचा चेहरा पडायला लागला. "आजोबा, तुम्ही हुंका देत नाही," ती म्हणाली. "यू आर स्टिल अँग्री."

"अगं देऊन राहिलो ना! तीनदा दिला! तुला ऐकू येत नाही काय?" बाबा कळवळून म्हणाले. हे लांब वाक्य अर्थातच तिच्यापर्यंत नीट पोचलं.

आणि मग ते गप्प झाले. मला बोलायचं होतं. बघा, मी सांगत होते ना, वायर एक असून असं होतं ते, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. बाबा टॅब्लेटकडे बघत होते, पण त्यांचा हिशेब मागच्या रविवारांत चालू होता हे कळत होतं. आईनेसुद्धा भाजी निवडणं थांबवलं.

बाबांनी हात सोडले. पालथा पडलेला जुना फोन उचलला, उलटा केला, आणि मी 'तुम्ही दाबायचं नाही' म्हणून सांगितलेलं ते बटण आपल्या जाड अंगठ्याने दाबलं. इतकं जोरात, की जणू आत कुठेतरी खिळा बसवायचाय.

बंगळुरूत भाचीच्या गालावर पिवळा उजेड पडला.

ती हसली नाही. घाईघाईने दुसरं वाक्य म्हणाली, कारण तिने ते किती वेळ तोंडात धरून ठेवलं होतं कोण जाणे. "त्याच्याकडे एक बकरी होती." बाबांनी दाबलं. "ती बकरी झूठ ऐकली की शिंकायची." दाबलं. मराठी अडलं तिथे तिने हिंदी घातलं, हिंदी अडलं तिथे इंग्रजी, आणि लग्नाच्या बोलण्यांत बकरी तीनदा शिंकते तिथे तर नुसती शिंकलीच. तिला सगळं आठवत होतं. पेढ्यात काय काय मिसळलं होतं तेसुद्धा, जे मी विसरले होते. बाबांनी एकही वाक्य मोकळं जाऊ दिलं नाही. गोष्ट पुढे जात होती आणि त्यांचे डोळे भरत होते. चष्मा पुसायला अंगठा मोकळा नव्हता म्हणून तो त्यांनी तसाच राहू दिला.

बकरी राजवाड्यात पोचली. दरबार भरला. राजा सिंहासनावरून उठला.

"पुढे मला येत नाही," भाची म्हणाली. "मी झोपले होते."

बाबांनी फोन टेबलावर ठेवला, टॅब्लेट दोन्ही हातांनी जवळ ओढला आणि बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा तसा आवाज लावून म्हणाले, "राजा काय म्हणाला ते सांगतो. पण आधी माझं ऐक. तीन रविवार तू दर वाक्याला हुंका देत होतीस. एकही चुकवला नाहीस. मला तो ऐकू आला नाही आणि मी म्हटलं, पोरीचं लक्ष नाही. माझं चुकलं."

एवढं बोलून ते थांबले.

जुना फोन टेबलावर पिवळाधमक उजळला.